मसूरच्या डब्यामागची वही

१८ फेब्रुवारी १९९७, मंगळवार

अब्बा आज नाश्त्याला बसले नाहीत. घावणे केले होते, नारळाच्या रसाबरोबर. मुख्तारनी पाच खाल्ले, अरीबानं दोन, आणि सासऱ्यांचं ताट तसंच. "मना नको बाय. दुपारी जेवीन." ईदेनंतरचे सहा रोजे धरलेत म्हणावं, तर दहा वाजता पाणी पिताना मी पाहिलं. म्हणजे रुसलेत. काल मी म्हटलं होतं, हल्ली पाकिटातली मसूर मशीननं साफ केलेली असते, रोज निवडता कशाला? त्यात एवढं लागण्यासारखं काय होतं?

रोज सकाळी हा एकच कार्यक्रम. डबा काढायचा, मसूर सुपात ओतायची, चष्मा लावून दाणा दाणा बघायचा. स्वयंपाकघर केवढं! हे मध्ये बसले की मला वळायला जागा राहत नाही. अठरा वर्षांत पाच खडेसुद्धा निघाले नसतील. पण शेगडीला मात्र हात लावणार नाहीत. अरीबाच्या बाळंतपणात मी अंथरुणात होते, तर चाळीस दिवस हॉटेलातून डबे आणले, चहाचं आधण ठेवलं नाही.

चहाची गाळणी तुटली. मुख्तारना तीनदा सांगितलं. मआमीरच्या वर्कशॉपमधून हूऱ्याला घरी येईपर्यंत रस्त्यात किती कोल्ड स्टोअर, किराण्याची दुकानं, लागतात, त्यांनाच माहीत.

ही वहीही मसूरच्या डब्यामागेच ठेवते. मुख्तार उर्दू शाळेतले, अरीबाला इंग्रजीच वाचता येतं, अब्बा लहानपणीच दर्यावर गेलेले, शाळा कसली पाहणार. माझी दापोलीची मराठी शाळा इथे बहरीनमध्ये कुलपासारखी उपयोगी पडते.

२१ फेब्रुवारी

अब्बांनी जुम्म्याच्या नमाजावरून येताना गाळणी आणली. स्टीलची, चांगली.

"मुख्तारनी सांगितलं वाटतं?"

"कोण सांगतंय? दिसली, घेतली."

आजपासून मसूर निवडायला गॅलरीत बसतात. मला मोकळं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही.

४ एप्रिल

शैलेंद्र पोंक्षे आणि अरुणावहिनी आले होते. पुण्याचे, ते बँकेत अकाउंटंट आहेत. या ऑगस्टला स्वातंत्र्याला पन्नास वर्षं होतात, त्याच्या समारंभाच्या समितीचं काम त्यांच्याकडे आहे. बहरीनमध्ये राहणाऱ्या स्वातंत्र्यसैनिकांचा सत्कार करायचाय म्हणाले. आतापर्यंत दोनच नावं मिळालीत.

"मुख्तारभाई म्हणाले, काका नेव्हीत होते. सेहेचाळीस सालच्या बंडात."

अब्बा हसले. "खलास झालं ते, पोरा. पन्नास वर्सं झाली. चाय घे."

मुख्तारनी मग सगळं सांगितलं, म्हणजे त्यांना ठाऊक आहे तेवढं. लहानपणी त्यांच्या मामाकडून ऐकलेलं: अब्बा मुंबईत नौदलात होते, नाविक बिथरले त्यात हेही होते, छावणीत कोंडले गेले, नाव कापून गावी पाठवलं. अठ्ठेचाळीस साली लाँचनं बहरीनला आले आणि बंदरावरच्या गोदामात माल मोजत आयुष्य गेलं. शैलेंद्रभाऊंना एवढं पुरत नाही. एखादा कागद हवा, नाहीतर सोबत असलेल्या माणसाचं पत्र. ३१ जुलैपर्यंत.

ते गेल्यावर मुख्तार मला म्हणाले, "जानेवारीत डॉक्टर काय बोलला, ऐकलंस ना? हार्ट थकलंय. पन्नास वर्षं या माणसाला लोक फक्त हाक मारत आले, अलीमियाँ, गोणी मोज. एकदा तरी कुणीतरी त्यांच्यासाठी उभं राहून टाळी वाजवू दे."

मला त्यांचं म्हणणं पटलं. अब्बांना विचारायचं मात्र दोघांच्याही लक्षात आलं नाही.

१९ मे

मुंबईच्या कचेरीतून उत्तर आलं. दोन ओळींचं. 'अलीमियाँ होडेकर' या नावाचे कागद शोधूनही सापडले नाहीत. मुख्तार जेवले नाहीत.

मी अब्बांची पत्र्याची पेटी आवरायच्या निमित्तानं उघडली. ते मशिदीत होते. चोरीच ती, पण लिहून ठेवते. तळाशी एक फोटो मिळाला. चार पोरगे नाविकांच्या कपड्यांत, कोपऱ्यातला एक अब्बा, कान अरीबासारखे. बाकी तिघांच्या टोप्या ऐटीत, यांनी मात्र गळ्यात पांढरं फडकं बांधलंय. मागे कुणाच्या तरी सुरेख अक्षरात मराठीत लिहिलंय: 'सिराज, हर्णै. बाकीचे दोघे मद्रासचे.' अक्षर इतकं वळणदार की आमच्या बाईंनी दहापैकी दहा दिले असते. कुणाचं असेल?

सिराजना पत्र टाकते. पत्ता: सिराज, जुने नेव्हीवाले, मु. पो. हर्णै, ता. दापोली. आमच्याकडचा पोस्टमन एवढ्यावर माणूस शोधतो. माणूस असेल तर.

आज सुक्या बोंबलांची फार आठवण आली. इथे मिळतात त्यांना वासच नाही.

११ जुलै

हर्णैहून काही नाही. वीस दिवस उरले. गॅलरीत दुपारी पाय टेकवत नाही, तरी अब्बा सकाळी तिथेच बसतात.

मुख्तारनी फॉर्म भरला. शैलेंद्रभाऊंच्या ऑफिसातल्या कुणाकडून छान इंग्रजीत लिहून आणलाय. अरीबानं मोठ्यानं वाचला आणि मुख्तारनी अब्बांना समजावून सांगितला. चळवळीतील भूमिका: मुंबईतील नाविकांच्या उठावाचे नेतृत्व केले.

अरीबा आजोबांकडे बघून ओरडली, "दादा, यू वर अ लीडर!"

अब्बांनी घास खाली ठेवला. "असं नाय लिवायचं, मुख्तार."

"का? होता ना तुम्ही?"

"होतो. पन असं नाय."

"मग कसं ते सांगा! गेले तीन महिने विचारतोय. एक शब्द बोलत नाही तुम्ही. मी काय माझ्यासाठी करतोय?"

अब्बा हात धुऊन उठले. ताटात अर्धी भाकरी होती. मुख्तार माझ्यावरच ओरडले, "तुझ्याशी बोलतात ते. तू विचार." माझ्याशी काय बोलतात? आज भाजी काय, अरीबाची शाळा किती वाजता सुटते. माझ्याशीही ते कधी काही बोलत नाहीत.

२० जुलै

शैलेंद्रभाऊंचा फोन आला होता. मुख्तार कामावर होते, म्हणून माझ्याशीच बोलले. त्यांनी ग्रंथालयातून पुस्तक आणून वाचलंय. "वहिनी, गंमत बघा, बंड सुरू झालं ते जेवणावरून. अन्न इतकं खराब मिळायचं की अठरा फेब्रुवारीला सकाळी पोरांनी नाश्ता घ्यायलाच नकार दिला."

फोन ठेवला. अठरा फेब्रुवारी. घावणे.

जुन्या वह्या पलंगाखाली ट्रंकेत आहेत. सगळ्या काढल्या.

१९८९: 'अब्बा नाश्त्याला नाही म्हणाले. पोळ्या कडक झाल्या असतील.' १८ फेब्रुवारी.

१९९१: 'रात्री सायरन झाला, सगळे मास्क घेऊन बसलो. सकाळी अब्बांनी काही खाल्लं नाही. घाबरले असतील.' १८ फेब्रुवारी. घाबरले म्हणे! कुवेतच्या त्या लढाईत आख्ख्या बिल्डिंगमध्ये तेच एकटे शांत होते.

१९९३: 'ताट परत केलं. माझ्या हातचं यांना कधी आवडलं आहे?' १८ फेब्रुवारी.

चौऱ्याण्णव, पंच्याण्णव, शहाण्णवला काहीच लिहिलेलं नाही. कॅलेंडर पाहिलं. तिन्ही वर्षं तेव्हा रमजान चालू होता, सगळेच उपाशी. माझ्या लक्षात कुठून येणार?

मुंबईच्या कचेरीत जे सापडलं नाही, ते माझ्या पलंगाखाली होतं, आणि त्यात मी स्वतःच्या पोळ्यांबद्दल रडत बसले होते. अठरा वर्षं मी समजत होते, त्यांना माझा राग येतो.

२४ जुलै

हर्णैहून पत्र आलं! सिराजचाचा हयात आहेत. डोळ्यांनी दिसत नाही, नातीकडून लिहून घेतलंय. उतरवून ठेवते.

'अलीला सलाम सांगा. तो आमचा भंडारी, आमचं जेवण रांधणारा. अठरा तारखेला आम्ही ताटं नाकारली. आमचं ठीक होतं, आम्हाला भूक काढायची होती. त्याला काय पडलं होतं? साहेब म्हणाले, तू आचारी, तू तुझं काम कर, तुला कुणी हात लावणार नाही. त्यानं चुलीत बालदीभर पाणी ओतलं आणि आमच्याबरोबर येऊन बसला. नंतर मुलुंडच्या छावणीत आम्हाला नेलं, तिथेही होता. आमच्यात लिहिणारे थोडे. आम्हा कोकणातल्या सगळ्यांच्या आयांना मराठीत पत्रं त्यानंच लिहिली. माझ्या आईनं ती पत्रं मरेपर्यंत जपली, अक्षर फार सुंदर म्हणून.'

आनंदानं दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा शेवटच्या ओळीवर अडकले.

मराठीत. अक्षर सुंदर.

फोटोच्या मागचं अक्षर.

मग गाळणी आठवली. गॅलरी आठवली. गेल्या वर्षी मी लिहिलं होतं, अरीबा मला इंग्रजीत उत्तर देते तेव्हा परकी वाटते, दुसऱ्या दिवसापासून अब्बा तिला म्हणायला लागले, "अम्मीशी मराठीत बोल, नायतर मी तुझ्याशी बोलत नाय." असं आणखी किती तरी.

वही कुठे ठेवते मी? मसूरच्या डब्यामागे. आणि रोज सकाळी मसूरचा डबा कोण काढतं?

तोंड लपवावंसं वाटतंय. काय काय लिहिलंय मी यात! मुख्तारबद्दल. त्यांच्या स्वतःबद्दल. 'म्हातारा' असंसुद्धा एकदा लिहिलंय.

२५ जुलै

दिवसभर त्यांच्याकडे पाहता आलं नाही. त्यांनीही पाहिलं नाही. काल लिहून वही मी नेहमीच्याच जागी ठेवली होती. सवयीनं की मुद्दाम, माझं मलाच सांगता येत नाही.

आता मुद्दाम लिहिते.

अब्बा, मी रागावलेले नाही. म्हातारा लिहिलं त्याची माफी करा. मुख्तारना सहा दिवसांत फॉर्म द्यायचाय. तुम्ही सांगितलं नाहीत तर ते खोटं देतील आणि तुम्ही त्या दिवशी स्टेजवर मान खाली घालून बसाल. मला ते बघवणार नाही. तोंडानं सांगायचं नसेल तर इथे सांगा. पेन्सिल ठेवली आहे.

(अब्बांच्या अक्षरात, पेन्सिलीनं)

चि. आबिदास दुआ.

वही वाचतो हे खरं. लग्नानंतर चार वर्षांनी डबा काढताना हाती आली. तू लिहिलं होतंस, इथे आई नाही, कुणाला सांगू. मग वाचत राहिलो. सांगायचं राहिलं. माफी मी मागायला हवी.

आता तुझा सवाल. सिराज मोठ्या मनाचा आहे, त्याला अर्धंच ठाऊक.

डाळीत खडे असत. पहिले पहिले मी निवडत होतो. वरच्यानं सांगितलं, शेकडो माणसं जेवतात, निवडत बसशील तर वाढशील कधी? मी निवडायचं सोडलं. त्यानं सांगितलं, पण सोडलं मी.

अठरा तारखेला सकाळी पोरांनी ताटं घेतली नाहीत. एकानं आपलं ताट माझ्यापुढे ठेवलं. फेकलं नाही, ठेवलं. कोवळा पोरगा होता, मिसरूड फुटलं नव्हतं. बोलला, भंडारी, तू खाऊन दाखव. मी घास घेतला. दाताखाली खडा आला. त्यानं आवाज ऐकला. ताट तिथेच सोडून निघून गेला. तेव्हा मी चूल विझवली.

त्या सकाळी सगळे उपाशी होते. माझ्या पोटात एक घास होता. तो दर साली परत करतो. तुझ्या हातच्या जेवणाशी त्याचा काही संबंध नाही. घावणे तुझ्यासारखे माझ्या आईलाही जमत नव्हते.

चूल त्यानंतर पेटवली नाही. हिंमत झाली नाही.

लोक ज्या डाळीवरून उठले ती मी शिजवलेली. मला पुढारी कसा म्हणता? मुख्तारला सांग, खरं लिहायचं असेल तर लिही. त्याला शरम वाटत असेल तर नाव काढून टाक, मला वाईट वाटणार नाही.

बोंबील दाभोळच्या माणसाला सांगितले आहेत. पुढल्या महिन्यात येतील.

अलीमियाँ

२९ जुलै

तीन दिवस वही उघडली नाही. आज सकाळी मुख्तारना सगळं वाचून दाखवलं. त्यांना येत नाही वाचायला, म्हणून मोठ्यानं.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "भंडारी?"

"हो."

"वर्कशॉपमध्ये सगळ्यांना सांगून बसलोय. बाप लढवय्या होता म्हणून. आता काय सांगू, डाळ शिजवत होता? ती पण खराब?"

मला फार राग आला. माझी वही उघडीच होती, त्यांच्यापुढे. ते त्या अक्षराकडे बघत होते. वाचता येत नव्हतं, तरी बघत होते. पेन्सिलीच्या ओळीवरून बोट फिरवलं. मग उठून गॅलरीत गेले.

अब्बा सूप घेऊन बसले होते. मुख्तार शेजारी फरशीवर बसले, कामाच्या पँटीवरच. मूठभर मसूर आपल्याकडे ओढली. मी दाराआडून पाहत होते.

"अब्बा, हा खडा का?"

"दानाच हाय तो. डोळे तपासून घे."

"आणि हा?"

"तो पन दाना. काय रे, वर्कशॉपात नट-बोल्ट तरी वळखतोस ना?"

दोघंही हसले. मग मुख्तारनी त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. मी आत आले.

फॉर्म नव्यानं भरला, मीच. भूमिका: 'आचारी. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी स्वतःची चूल विझवून नाविकांमध्ये सामील झाले. मुलुंडच्या छावणीत सोबत्यांची पत्रे लिहिली.' सोबत सिराजचाचांचं पत्र. अब्बांना वाचून दाखवलं. त्यांनी 'स्वतःची' या शब्दावर बोट ठेवलं. "चूल सरकारची व्हती," म्हणाले. मी म्हटलं, तो शब्द राहू द्या. राहू दिला.

संध्याकाळी शैलेंद्रभाऊंचा फोन आला. "वहिनी, मी हे जसंच्या तसं टाइप करतोय. एक शब्द बदलणार नाही."

१५ ऑगस्ट

सकाळी शाळेच्या हॉलमध्ये समारंभ. एसी बंद पडायला हाच दिवस मिळाला. अब्बांनी पांढरा कुर्ता-पायजमा घातला होता. सकाळपासून तीनदा विचारलं, "आचारी म्हणूनच वाचनार ना?"

तसंच वाचलं. 'आचारी' म्हटल्यावर मागच्या रांगेत कुजबुज झाली. मुख्तारनी मान वळवून तिकडे पाहिलं आणि टाळी वाजवायला सगळ्यांच्या आधी उभे राहिले, नाव पुरतं वाचून व्हायच्याही आधी. मग हॉल उभा राहिला.

शाल घातली. दोन शब्द बोला म्हणाले. अब्बांनी माइककडे संशयानं पाहिलं, मग हिंदीत विचारलं, "सुबह सबने कुछ खाया?"

लोक हसले. अब्बा हसले नाहीत. उत्तराची वाट पाहत उभे राहिले. हळूहळू हसू थांबलं आणि पुढच्या रांगेतल्या अरुणावहिनी म्हणाल्या, "हाँ काका, खाया." मग आणखी कुणी, मग सगळे.

"बस तो," म्हणाले आणि खाली उतरले.

येताना गाडीत अरीबा त्यांची शाल अंगावर घेऊन बसली होती. मराठीत म्हणाली, "दादा, तुम्ही मला पण लिहायला शिकवा. अम्मीसारखं." तिची मराठी ऐकून मुख्तारनी सिग्नलला गाडी थांबवायची ती दोन हात पुढे नेऊन थांबवली.

१८ फेब्रुवारी १९९८, बुधवार

आज घरात कुणी नाश्ता केला नाही. ठरवलं नव्हतं. मी काही केलंच नाही, आणि मुख्तारनी विचारलं नाही. अरीबा शाळेत जाताना म्हणाली, "आय नो. एटीन्थ." दारातून परत फिरून मराठीत म्हणाली, "मला भूक नाही, दादा." खोटं. तिला उठल्याबरोबर भूक लागते.

अब्बांनी सूप उचललं. गॅलरीत मसूर निवडत राहिले, नेहमीपेक्षा जास्त वेळ. साडेअकराला सूप घेऊन स्वयंपाकघरात आले आणि मला म्हणाले, "बाय, बाहेर हो जरा."

मी झाले. काडी ओढल्याचा आवाज आला. विझली असणार, कारण दुसरी ओढली. मग तिसरी. मग गॅसचा आवाज.

अरीबा दीड वाजता आली, मुख्तार वर्कशॉपमधून अर्धी रजा टाकून आले. अब्बांनी चौघांची ताटं वाढली. भात आणि मसूर. माझं ताट माझ्यापुढे ठेवलं आणि उभेच राहिले.

"बसा ना," मी म्हटलं.

"आधी तू खा."

मी खाल्लं. मीठ थोडं जास्त होतं. मुख्तारनी खाल्लं. अरीबा शाळेच्या गप्पा मारत भराभर जेवली आणि ताट त्यांच्यापुढे केलं, "दादा, आणखी."

अब्बांनी वाढलं. मग कुठे ते खाली बसले.

मसूरचा डबा रिकामा झाला. उद्या आणायला हवी.

(पेन्सिलीनं)

आणली. दोन किलो. मीठ जास्त होतं तर तेव्हाच सांगायचं.